घडी न मोडलेलं हिरवं लुगडं

कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, हे वाक्य मी शिवणाच्या तासाला इतक्या वेळा म्हटलं आहे की निवृत्त होताना मुलींनी ते रुमालावर भरून मला भेट दिलं. टाके जरा वाकडे आहेत, पण रुमाल मी जपून ठेवला आहे.

या अंकासाठी 'शिक्षकी पेशातले अनुभव' लिहा, असं संपादकांनी कळवलं होतं. लिहिलेही असते. पण शाळेत मी जे काही शिकवलं ते बहुतेक सगळं त्याआधीच्या एका नोकरीत शिकले होते, आणि त्या नोकरीबद्दल मला आजवर कुणी एका अक्षराने विचारलेलं नाही. तेव्हा संपादकांनी रागावू नये. मी कोल्हारच्या कंट्रोलच्या दुकानाबद्दल लिहिणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं आणि त्यानंतरची दोन-तीन. धान्य, साखर, घासलेट, कापड, सगळंच मोजून मिळायचं. घरात माणसं किती ते पाहून कार्ड मिळे आणि कापडासाठी दर हंगामाला कुपनांचा एक कागद. एका कुपनाला एक वार. पैसे कितीही असले तरी कुपन नसेल तर दुकानात कापड मिळत नसे, आणि कुपनं कितीही असली तरी पैसे लागतच.

माझे वडील तिथे शाळामास्तर होते. मी नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकून नुकतीच घरी आले होते. दुकानाचे व्यवस्थापक भाऊसाहेब हे कोर्टातून कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ. खुनाच्या खटल्याची कागदपत्रं त्यांनी शांतपणे हाताळली होती, पण एकेका लुगड्याला अर्धा तास घालवणाऱ्या बायकांपुढे त्यांनी हात टेकले. "मास्तर, तुमची मार्था द्या मला. मला रक्तदाब आहे," असं म्हणून ते वडिलांना घेऊन गेले आणि चहा पाजून माझी नोकरी पक्की केली.

माझ्या हाताशी दोन कात्र्या असत. छोटी कुपनं कापायला, मोठी कापड कापायला. कागदाने धार बोथट होते आणि मग कापड कापलं जात नाही, कुरतडलं जातं. भाऊसाहेबांना हे कधीच पटलं नाही. त्यांच्या मते कात्री ती कात्री. मी जेवायला घरी गेले की ते हमखास मोठीने कुपनं आणि छोटीने कापड कापायचे. मी मोठ्या कात्रीला लाल चिंधी बांधली, तर त्यांनी ती चिंधी सोडून चष्मा पुसायला घेतली.

कंट्रोलचा भाव ठरलेला, त्यात घासाघीस नाही, असं मोठ्या अक्षरात पाटीवर लिहिलं होतं. पण घासाघीस केल्याशिवाय घेतलेली वस्तू आमच्या बायकांना अंगी लागत नाही. भावावर नाही तर सुतळीवर, पुडीच्या कागदावर, रिकाम्या पोत्यावर. एका आजीने माझ्याकडून काठाच्या चार बोटं चिंध्या मिळवल्या आणि जाताना म्हणाली, "आज काय तुज्याकडनं सवंगात सुटले न्हाई बग." म्हणजे मिळाल्या त्या कमीच.

दुसरी युक्ती अदलाबदलीची. आमच्याकडे ऊस, गुऱ्हाळं, घराघरात गुळाच्या ढेपा. ज्यांच्याकडे गुळाचा चहा चालायचा त्यांना साखरेची गरज नसे, आणि ज्यांच्या घरी जावई शिकलेला त्यांना साखरेवाचून चालत नसे. मग साखर इकडे आणि कापडाचं कुपन तिकडे. नियमाने हे बरोबर नव्हतं. ती देवघेव दुकानाबाहेरच्या लिंबाखाली चालायची आणि त्या वेळी भाऊसाहेबांना नेमकी आत पोती मोजायची असायची.

एका हिवाळ्यात निळ्या पट्ट्यांचे तागेच तागे आले, दुसरं काहीच नाही. लोक घरभराची कुपनं एकत्र करून एकाच ताग्यातून कापड घेत, कारण सलग कापलं की तुकडे वाया जात नाहीत. महिनाभरात सगळ्या गावाची पोरं, पोरी, काही म्हातारेसुद्धा निळ्या पट्ट्यांत. वडिलांचा वर्ग तर गादीच्या खोळी वाळत घातल्यासारखा दिसायचा. एक बाई दुपारी तावातावाने आली, पाठमोऱ्या पोराच्या पाठीत दोन धपाटे घातले, त्याला फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "आगं बया, ह्यो तर सुताराचा!" मग तिने त्याला गुळाचा खडा दिला. पुढचे आठ दिवस सुताराचं पोरगं त्या बाईच्या दारापुढे पाठ करून उभं राहायचं.

पण मला सांगायचं आहे ते गऊबाईबद्दल.

गऊबाई मजुरी करणारी, एकटी बाई. नवरा कधीच गेलेला. हिरा नावाची एकुलती एक मुलगी. गऊबाईजवळ शेत नव्हतं, गुरं नव्हती, पण देवाने तिला एक नजर दिली होती. कापडातला डाग तिला दिसायचा. तुटलेला धागा, पडलेली गाठ, विणीतला पातळपणा, आम्हाला उजेडात धरून दिसत नसे ते तिला लांबून दिसे. आणि आमच्या दुकानात डागी मालाला भाऊसाहेब रुपयामागे दोन आणे सोडत. त्यामुळे जगात इतरत्र लोक निर्दोष माल मागतात, आमच्याकडे मात्र बायका विनवायच्या, "बाई, जरा येकादा डाग घावतोय का बगा की!"

मग बायका लुगडं घ्यायला येताना गऊबाईला बरोबर आणू लागल्या. ती उंबऱ्यात बसायची. मी लुगडं उलगडायची. ती हात लावायची नाही. नुसती बघायची आणि म्हणायची, "काठाला. खालच्या अंगाला. चार बोटं." तिथे डाग असायचाच. भाऊसाहेब चष्मा लावून, काढून, पुसून पाहायचे आणि दोन आणे सोडायचे. या कामाची गऊबाईची मजुरी होती अर्धा शेर शेंगा.

चावडीजवळच्या रखमाकाकूंचं हिरवं लुगडं असंच खरेदी झालं. रखमाकाकू म्हणजे खातंपितं घर, आवाज मोठा. छान पोपटी हिरवं नऊवारी, लाल काठ. गऊबाई म्हणाली, "काठात चार बोटं लाल दोरा सुटलाय." सुटला होता. पैसे वाचले, शेंगा दिल्या गेल्या. मी लुगड्याची घडी घालताना तो डाग आत घेतला.

तीन महिन्यांनी तेच लुगडं एक अनोळखी बाई घेऊन आली. "बाई, आहेरात आलंय. केवढ्याचं आसंल वो?" आमच्याकडे आहेर बरोबरीचा परत करावा लागतो, म्हणून बायका मला किंमत विचारायला येत. मी घडीचा कोपरा उचलून पाहिला. चार बोटं. घडी माझीच, जशीच्या तशी. कुणी नेसलंच नव्हतं. त्या दिवसांत कोरं कापड अंगावर घालणं म्हणजे उधळेपणा. घडी मोडली नाही तोवर ते आहेरात देता येतं, आणि घरातून घरात जायला कुपन लागत नाही. म्हणून सगळ्याजणी ठेवून देत आणि पुढच्या लग्नात पुढच्या घरी पाठवत.

वर्षभरात ते लुगडं माझ्याकडे चार वेळा आलं. एकदा राहुरीहून, एकदा थेट शेवगावहून. मी तोवर शेवगाव पाहिलंसुद्धा नव्हतं. शेवटी ते फिरत फिरत आहेरातच रखमाकाकूंकडे परत आलं. त्यांनी ओळखलं आणि दुकानात येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "आवं, माजंच लुगडं मला आहेर! आन् मी हासत हासत घेतलं, काय करू?"

गऊबाईला मात्र एकच हौस होती. हिराचं लग्न ठरत आलं होतं. ती पोर जन्मात कोरं लुगडं नेसली नव्हती. आईची जुनी लुगडी, फाटकी बाजू कापून उरलेले दोन तुकडे मध्ये शिवून जोडलेली. त्या जोडाला आम्ही दंड म्हणतो. "माजी हिरी मांडवात दंडाच्या लुगड्यात हुबी न्हाई ऱ्हानार," गऊबाई म्हणायची. त्यासाठी ती पैसे गाठीला बांधत होती आणि कुपनं साठवत होती. साखरेसाठी कार्ड घेऊन यायची तेव्हा मी पाहायची, कापडाचा कागद अख्खाच्या अख्खा, एकही कुपन कापलेलं नाही.

आणि मी काय म्हणायची? "गऊबाई, शहाण्या आहात हो तुम्ही. असं साठवायला हवं." हे मी म्हटलं. एकदा नाही, तीन-चार वेळा म्हटलं.

लग्नाची तिथी धरल्यावर ती लोखंडी डबी घेऊन आली. आत तीन हंगामांचे कागद, हळदीच्या फडक्यात बांधलेले, नीट. दर कागदाच्या खाली बारीक अक्षरांत मुदत छापलेली असे. हंगाम संपला की तो कागद रद्दी. गऊबाईला वाचता येत नव्हतं. ज्वारी साठवली, शेंगा साठवल्या, पैसा साठवला तर तो वाढतो, हेच तिला ठाऊक. साठवलेलं मरतं हे तिला कुणी सांगायचं? मला वाचता येत होतं. मी तिचं कौतुक करत बसले.

भाऊसाहेबांनी कागद उलटसुलट पाहिले. "हे दोन गेले, गऊबाई. हा एवढाच चालू आहे. यात नऊ वारांचं लुगडं नाही होत."

"गेले म्हंजी? ह्ये काय, हितंच तर हायती."

"मुदत संपली."

"आवं पर मी वापरलंच न्हाई तर संपंल कसं?"

कोर्टात इतकी वर्षं काढलेला माणूस, पण भाऊसाहेबांना खाली मान घालावी लागली. कागद घेता येत नव्हते, घेतले असते तर दुकानच गेलं असतं. गऊबाई रडली नाही. तिने फडकं पुन्हा बांधलं, डबी बंद केली आणि मला म्हणाली, "तुमी म्हनत हुता ना बाई, शानी हाय म्हनून." टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

मी मोठी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, "चला."

"कुटं?"

"रखमाकाकूंकडे."

रखमाकाकू ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सरळच विषय काढला. गऊबाईकडे पैसे आहेत, कुपन नाही. तुमच्याकडे ते हिरवं लुगडं आहे. काकूंनी शेंगा फोडायचं थांबवलं. बाजारात उभ्या राहिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"दिईन की. पर बिनकुपनाचं हाय. बिनकुपनाच्या कापडाला लोक दीडपट देत्यात."

मी काही बोलणार, तोच गऊबाईने मला हाताने मागे सारलं. इतका वेळ पडलेला तिचा चेहरा एकदम तरतरीत झाला. "बगू तरी," ती म्हणाली. लुगडं आलं. तिने नेहमीसारखं लांबूनच पाहिलं. "काकू, ह्ये डागी हाय."

"काय?"

"काठाला. चार बोटं लाल दोरा सुटलाय."

"आगं भवाने," रखमाकाकू ओरडल्या, "तो डाग तूच मला काडून दिलास की! शेंगा घेतल्यास माज्या!"

"व्हय. म्हनून तर सांगते, डाग खरा हाय. मीच काडलाय."

रखमाकाकू इतक्या जोराने हसल्या की सूप कलंडून शेंगा ओसरीभर झाल्या. मग आम्ही तिघी शेंगा वेचत वेचत भाव करत होतो. दीडपट उतरून सरळ भावावर आलं. सरळ भावातून रुपयामागे दोन आणे गेले. गऊबाईने आपली दोन महिन्यांची साखर द्यायची, कारण काकूंचा जावई शिकलेला, आणि काकूंच्या पुढच्या खरेदीला डाग फुकट शोधायचा, बिनशेंगांचा.

"आन् येक ऐक," काकू म्हणाल्या, "ह्ये लुगडं परत माज्या दारी आहेर म्हनून आलं तर बग!"

लग्नाच्या दिवशी सकाळी मी गेले. मांडवात लगबग चाललेली. हिरा आत न्हाऊन बसली होती आणि अंगावर एक विटकं जांभळं लुगडं. दंड नव्हता त्याला, पण कोरंही नव्हतं. हिरवं लुगडं कोपऱ्यात दुरडीत, त्याच घडीत.

"गऊबाई, हे काय?"

"शेजारनीचं मागून आनलंय," ती नजर चुकवत म्हणाली. "दंड न्हाई त्याला. हिरवं नवं हाय, हाळदीचं हात लागत्याल, पंगतीत रस्सा सांडंल. तिकडं गेल्यावर सनासुदीला नेसंल. न्हाईतर ननंदंच्या लग्नात हुईल आहेराला."

मी तिला ओळखत होते. तिकडे गेल्यावर ते नेसलं जाणार नव्हतं. हिराची नणंद, मग नणंदेची जाऊ, मग राहुरी, मग शेवगाव. हिरा हळूच म्हणाली, "आये, कोरं कसं लागतं अंगाला, येकदा बगू दे की." आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी दुरडीपाशी गेले, लुगडं उचललं, दोन्ही टोकं धरली आणि हवेत झटकलं. एकच आवाज झाला. मी घातलेली ती घडी, राहुरी-शेवगाव फिरून आलेली, खोलीभर पसरली. गऊबाई किंचाळली. "मोडली! बाई, घडी मोडली!"

"मोडली," मी म्हटलं. "आता हे कुणाला देता यायचं नाही. हिरालाच नेसवा."

मला वाटलं, आता गऊबाई मला हाकलून देते. मग तिने डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं आणि हसू लागली. "लई वंगाळ बाई हायसा तुमी," असं म्हणत तिने लेकीला उभं केलं. नेसवताना तिने तो चार बोटांचा डाग निऱ्यांच्या आत नेमका असा घेतला की मला माहीत असूनही मांडवात शोधून सापडेना. खळ गेली नव्हती, लुगडं करकरत होतं. अक्षता पडेपर्यंत हिरा काठ बोटांनी चाचपत होती. नवऱ्याकडे तिने किती पाहिलं देव जाणे, काठाकडे मात्र खूप पाहिलं. रखमाकाकू पहिल्या पंगतीला जेवल्या आणि ते लुगडं आपण कसं स्वस्तात दिलं हे सगळ्यांना सांगत होत्या.

त्यानंतर कुपनांचा नवा कागद आला की मी प्रत्येक बाईला मुदत वाचून दाखवू लागले. रांग लांबायची, भाऊसाहेब कुरकुरायचे. मी म्हणायची, तुमचा रक्तदाब तुम्ही सांभाळा.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी दुकानातून रजा घेतली. लग्नाच्या सकाळी आमच्या दारात गऊबाई. हातात कागदाची पुडी. आत हिरव्या खणाची चोळी, शिवून तयार. खण नव्हे, चोळी. माप तिने कधी घेतलं नव्हतं. मी अंगाला लावून पाहिली, बोटभरही इकडेतिकडे नव्हतं.

"गऊबाई, कुपन?"

"ह्या हंगामाचं. मुदतीतलं. भाऊसायबांनी वाचून दावलं, मंगच कापलं."

शिवणाऱ्या बाईची खोड, मी चोळी उलटी करून आतली शिवण पाहिली. खणाची कड कुरतडलेली होती. भाऊसाहेबांनी कागदाच्या कात्रीने कापला होता.

"डाग लई हुडकला, येक बी घावला न्हाई," गऊबाई म्हणाली. "म्हनलं, नुसता खन दिला तर ह्या बाई ठिवून देत्याल. म्हनून घडी मोडूनच आनलीय. आता कुनाला द्याल? घाला."

आमच्या ख्रिस्ती लोकांत नवरीला पांढरी साडी आणि पांढरं पोलकं. आईने ते महिनाभर आधी शिवून ठेवलं होतं. मी पांढऱ्या साडीवर हिरवी चोळी घालून देवळात उभी राहिले. पाळकसाहेबांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि उपासना सुरू केली. मागच्या बाकाशेजारी गऊबाई जमिनीवर बसली होती, आणि मला पक्कं ठाऊक आहे, ती माझ्याकडे नाही, शिवणीकडे पाहत होती. फोटो अजून भिंतीवर आहे. त्यात चोळी काळी दिसते. येणारा जाणारा विचारतो, लग्नात काळी चोळी कशी? मी सांगते, हिरवी आहे ती, आणि डाग एकही नाही.